मार्चअखेर सॅन डिएगो: समुद्र, डोंगर, वाळवंट एकाच आठवड्यात. आई-बाबांना कपडे काय घ्यायला सांगू?

चाफेकळी
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही डॅलसला असतो. रत्नागिरीहून आई-बाबा आलेत आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना सॅन डिएगो दाखवायचं ठरलंय. बेत असा: सोमवार-मंगळवार समुद्रकिनारा, बुधवारी जूलियन (डोंगरातलं गाव), गुरुवार-शुक्रवार बोरेगो स्प्रिंग्ज (वाळवंटातली फुलं!), शनिवारी पाम स्प्रिंग्ज आणि तिथला रोपवे, रविवारी किनाऱ्यावर परत आणि रात्रीचं विमान. गाडी भाड्याची.

आज अंदाज बघायला बसले आणि चक्रावले. बुधवारी सॅन डिएगोत १५ अंश आणि पाऊस. त्याच दिवशी जूलियनला बर्फ. बोरेगोत २१, पाऊस नाही पण सोसाट्याचा वारा. आणि रविवारी किनाऱ्यावर २७! नकाशात तर ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून दीड-दोन तासांवर. असं खरंच असतं का तिकडे? बाबा म्हणतात, "कॅलिफोर्नियाला चाललोय, स्वेटर कशाला?" आईने मात्र शाल आधीच बाजूला काढून ठेवलीय. कोण बरोबर?

गणोबा
आई. पुढचा प्रश्न.

खारावारा
चाफेकळी, मी बरीच वर्षं सॅन डिएगोत राहतो. अंदाज अगदी बरोबर आहे, घाबरू नका. इथे हवा तारखेवर नाही, उंचीवर ठरते, आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला आहात त्यावर. तुमचा रस्ता बघा: किनारा शून्य फूट, जूलियन ४,२०० फुटांच्या आसपास, त्याच्या बाजूचा माउंट लगुना ६,००० आणि बोरेगो स्प्रिंग्ज पुन्हा खाली, ६०० फुटांवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर लगुनाला किनाऱ्यापेक्षा दहा-बारा अंश कमी असणारच. म्हणून 'सॅन डिएगोचं हवामान' या शब्दांना फारसा अर्थ नाही. फोनवर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा समुद्राला लागून असलेल्या विमानतळाचा असतो.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशात नेमक्या जागेवर टिचकी मारा. त्या ठिपक्याचा अंदाज आणि खाली त्याची उंचीही दिसते. गावाचं नाव टाकू नका, ठिपका बदला.

आजी_ऑनलाइन
चाफेकळी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि शाल दोन घ्यायला सांग. आम्ही लेकीकडे आलो होतो तेव्हा ला होयाला समुद्रसिंह बघायला नेलं. मी आपली सुती साडी आणि चपला घालून निघाले, समुद्र म्हणजे उकाडा आणि घाम एवढंच आम्हाला ठाऊक. तिथे आभाळ खाली आलेलं, सूर्य दिसेना, वारा असा की दात वाजायला लागले. लेक म्हणते, "आई, दुपारपर्यंत उघडेल." दोन वाजता उघडलं आणि चारला पुन्हा मिटलं. समुद्रसिंह मात्र मस्त लोळत होते. वास भयंकर, तेवढं लक्षात ठेव.

पायात मोजे आणि बूट. साडीवर बूट कसे दिसतील, हा विचार विमानतळावरच सोडून द्यायचा.

अभ्राच्छादित
आजींनी अनुभवलं त्याला इथे 'मरीन लेअर' म्हणतात. मे-जूनमध्ये त्याचा जोर असतो ('मे ग्रे', 'जून ग्लूम' ही त्याची लाडकी नावं), पण वसंतात कधीही गाठू शकतो. उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह थंड, शिवाय किनाऱ्याजवळ खोलातलं पाणी वर येतं तेही थंड. मार्चमध्ये इथला समुद्र १५ अंशांच्या आसपास असतो. रत्नागिरीचा तेव्हा २७-२८ असेल. त्या गार पाण्यावरची हवा गारठते, आणि तिच्या डोक्यावर प्रशांत महासागरावरच्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून खाली बसणारी गरम हवा झाकणासारखी बसते. झाकणाखाली ढग. रात्री तो ढग दऱ्यांमधून आत शिरतो, दुपारी ऊन तापलं की किनाऱ्याकडे मागे सरतो.

गंमत ही की झाकण पुष्कळदा हजार-दोन हजार फुटांवरच असतं. गाडीने चढलात तर ढगातून वर निघता आणि लख्ख ऊन. पॉइंट लोमाचं जुनं दीपगृह याच भानगडीत बंद पडलं. १८५५ मध्ये समुद्रापासून ४२२ फूट उंचावर दिवा लावला, लांबून दिसावा म्हणून. पण नेमका तो ढगात गुरफटायचा आणि खालच्या जहाजांना काहीच दिसायचं नाही. शेवटी १८९१ मध्ये खाली पाण्याजवळ नवं दीपगृह बांधून जुनं बंद केलं. तुमचा सोमवार-मंगळवार किनाऱ्यावर आहे, तर ते जरूर बघा. आतला गोल जिना आणि दिवेवाल्याच्या कुटुंबाच्या खोल्या आहेत तशा मांडून ठेवल्यात.

गणोबा
सरकारी काम, उंच जागा, आणि छत्तीस वर्षांनी कळलं. आपलंच कुणीतरी होतं का समितीवर?

माणदेशी
वाळवंटाचं मी सांगतो. मी इंपीरियल व्हॅलीत शेतीच्या कामात आहे, एल सेंट्रोच्या बाजूला, समुद्रसपाटीच्याही खाली. गाव मूळचं माण तालुक्यातलं, त्यामुळे हा प्रकार मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि तोच ढग दहिवडीला येईपर्यंत रिता होतो. आमच्याकडे पाचशे पडला तरी पेढे वाटतात. इथे तेच, फक्त आकडे बारके. सॅन डिएगोला वर्षाला जेमतेम २५० मिमी, पालोमारच्या डोंगरावर त्याच्या सुमारे तिप्पट, आणि पलीकडे बोरेगोत दीडशेच्या आसपास. पश्चिमेकडून आलेली ओली हवा डोंगर चढताना सगळं पाणी टाकते. पलीकडे उतरते ती कोरडी आणि दर शंभर मीटरला एक अंशाने तापत. म्हणून बुधवारी तुम्हाला किनाऱ्यावर पाऊस, जूलियनला बर्फ आणि बोरेगोला ऊन-ढग दिसतंय.

पण पावसाच्या जागी आमच्या वाट्याला वारा येतो. तो हलक्यात घेऊ नका. डोंगराच्या खिंडींतून उतरताना त्याचा वेग खूप वाढतो. आठ नंबरच्या महामार्गावर इन-को-पाच्या उतारावर ट्रक आडवे झालेले मी बघितलेत. तुम्हाला दोन कामाच्या गोष्टी सांगतो. गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे ठेवा. शेपूट वाऱ्याकडे असली की दार उघडता क्षणी वारा ते हिसकतो आणि बिजागरीच वाकते, भाड्याच्या गाडीचा खर्च तुमच्या माथी. आणि मागची-पुढची दारं एकदम उघडू नका. एकदा आमच्या गाडीतून टोल-पेट्रोलच्या पावत्या, टोपी आणि अर्धा किलो चिवडा मेक्सिकोच्या दिशेने गेला.

गणोबा
चिवड्याला व्हिसा लागत नाही वाटतं.

हिशेबी
वेगळं मत मांडतो. हे अंदाज बघून बेत बदलण्याचं आजकाल वेडच लागलंय. हॉटेलं आरक्षित, पैसे भरलेले. आम्ही दोन वर्षांपूर्वी अगदी याच मार्गाने ठरल्याप्रमाणे गेलो. पाऊस लागला, छत्री उघडली. बर्फ लागला, फोटो काढले. काही बिघडलं नाही. पूर्वी आपण अंदाज बघून माथेरानला जायचो का?

खारावारा
हिशेबी, किनाऱ्यावरच्या पावसाचं म्हणाल तर सहमत. डोंगरातल्या बर्फाचं नाही. बर्फ पडत असताना लगुनाच्या सनराइझ हायवेवर आणि जूलियनच्या आसपास पोलीस चाकांना साखळ्या (घसरू नये म्हणून) लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि भाड्याच्या गाडीचे बहुतेक करार साखळ्या लावू देत नाहीत. म्हणजे अर्ध्या वाटेतून परत. वर सत्तरीतली दोन माणसं सोबत.

चाफेकळी, हॉटेल न बदलता होईल असा उपाय: बुधवार सॅन डिएगोतच काढा. बॅल्बोआ पार्कमध्ये इतकी संग्रहालयं एका ठिकाणी आहेत की पावसाचा दिवस त्यासाठीच राखून ठेवावा. गुरुवारी सकाळी घाई न करता निघा, दुपारपर्यंत रस्ते साफ झालेले असतात, आणि जूलियन तसंही बोरेगोच्या वाटेवरच आहे. तिथे पाय मोकळे करा, ॲपल पाय खा, आणि उजेड असेपर्यंत ७८ नंबरने बॅनरचा उतार उतरून वाळवंटात पोचा. वळणं आपल्या घाटासारखी आहेत, अंधारात नकोत. बर्फ शनिवारी पडला असता तर अजून कठीण होतं, कारण शहरातली सगळी पोरं घसरगुंड्या घेऊन वर जातात आणि तासन्‌तास गाड्या तुंबतात.

मुग्धा_क
फुलांसाठी येताय म्हणून सांगते: अपेक्षा बेतानं ठेवा. २०१७ आणि २०१९ च्या बहराचे फोटो बघून लोक येतात आणि हिरमुसतात. तसा बहर दरवर्षी येत नाही. हिवाळ्यात पाऊस वेळेवर आणि थोडा-थोडा पडावा लागतो, मध्येच कडक ऊन किंवा कोरडा वारा आला की कोंब करपतात. मार्चअखेर सपाटीवरची फुलं ओसरत आलेली असतात, तेव्हा जरा चढावर, दऱ्यांच्या तोंडाशी शोधा. ओकोटियो मात्र हमखास भेटेल. काटेरी काठ्यांचा जुडगा उभा केल्यासारखं झाड आणि प्रत्येक काठीच्या टोकाला लाल तुरा.

आणि प्रत्येकी चार लिटर पाणी, नकाशे फोनमध्ये आधी उतरवून घ्या. बोरेगोच्या वाळवंटी उद्यानात रेंज नसतेच बहुतेक ठिकाणी.

पाटीलबुवा
सॅन डिएगो आणि पाऊस म्हटल्यावर हॅटफिल्डची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१५ च्या डिसेंबरात इथलं मोरेना धरण भरत नव्हतं. चार्ल्स हॅटफिल्ड नावाचा, शिवणयंत्रं विकणारा गृहस्थ नगरपालिकेकडे आला. म्हणाला, धरण भरून देतो, दहा हजार डॉलर द्या. सभेने होकार दिला, लेखी करार कुणी केलाच नाही. याने धरणाकाठी मनोरा उभारला आणि वर रसायनं उकळत ठेवली. जानेवारी १९१६ मध्ये असा पाऊस लागला की पूल वाहून गेले, आणि २७ तारखेला लोअर ओटाय धरण फुटलं. माणसं गेली. हॅटफिल्ड पैसे मागायला आला तेव्हा नगरपालिका म्हणाली, पाऊस तू पाडलास म्हणतोस ना, मग नुकसानभरपाईही तूच दे. नाहीतर ही देवाची करणी, आणि देवाला आम्ही बिल देत नाही. एक छदामही मिळाला नाही त्याला.

गणोबा
बेडकाचं लग्न स्वस्त पडलं असतं. जेवणावळीसकट.

माणदेशी
हसू नका. आमच्याकडे 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत पोरं घरोघर फिरायची आणि बायका त्यांच्या अंगावर घागर ओतायच्या. पाऊस पडो न पडो, पोरांची आंघोळ व्हायची.

दूरचा_रानवारा
धागा भलतीकडे गेला, पण रविवारच्या २७ अंशांबद्दल कुणी बोललं नाही. चाफेकळी, बुधवारी थंडी, पाऊस आणि रविवारी एकदम गरमी, याचं कारण वारा उलटा फिरतो. पावसाची प्रणाली निघून गेली की तिच्या मागे नेवाडा-युटाच्या पठारावर थंड, जड हवा साचते. ती डोंगर ओलांडून समुद्राकडे घसरते, आणि माणदेशींनी सांगितलं तसं उतरताना तापते, कोरडी होते. हेच सांता आना वारे. त्या दिवशी किनारा कधीकधी वाळवंटाइतकाच गरम असतो. मार्चमध्ये जमीन ओली, गवत हिरवं, त्यामुळे मजा येते.

ऑक्टोबरमध्ये मात्र हाच वारा जीव घेतो. २००३ ची सीडर आग आणि २००७ ची विच आग, दोन्ही ऑक्टोबरातल्या. २००७ ला आम्ही इथे होतो. सकाळी सूर्य तांब्याच्या परातीसारखा लाल, गाडीच्या काचेवर राखेचा थर, वायपर फिरवला की राखाडी रेघा. पाच लाखांहून अधिक लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं. आमच्याकडे चार मराठी कुटुंबं येऊन राहिली. हॉलमध्ये गाद्याच गाद्या, कुकरला उसंत नाही. खिडक्या बंद, दाराच्या फटींना ओले टॉवेल लावलेले. अजूनही ऑक्टोबरात ओठ फुटायला लागले की मी आधी कागदपत्रांची पिशवी कुठे आहे ते बघते.

आजी_ऑनलाइन
बाई गं. आम्ही इकडे बातम्या बघत बसतो आणि नुसते 'काळजी घ्या' म्हणतो.

अभ्राच्छादित
रानवारा यांना अनुमोदन. आणि वाळवंटात पाऊस नसतो असंही समजू नका. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळ आलं तेव्हा पाम स्प्रिंग्जला एका दिवसात तीन इंचांच्या वर पडला, आणि डेथ व्हॅलीत एका दिवसाचा विक्रम झाला, २.२० इंच. दक्षिण कॅलिफोर्नियासाठी उष्णकटिबंधीय वादळाचा इशारा तेव्हा पहिल्यांदाच दिला गेला. तिथली जमीन पाणी पीत नाही, वरच्या डोंगरात पडलेलं पाणी कोरड्या ओढ्यातून भिंतीसारखं येतं. डोंगरावर काळे ढग दिसत असतील तर ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करायची नाही, डोक्यावर ऊन असलं तरी.

हिशेबी
मूळ प्रश्न कपड्यांचा होता याची नम्र आठवण.

खारावारा
खरंय. यादी नको, एवढंच: प्रत्येकाला एक वारा अडवणारं जाकीट (जाड नको), आत घालायला स्वेटर, कान झाकतील अशी टोपी, बूट. खाली नेहमीचे सुती कपडे. गॉगल तिन्ही ठिकाणी लागेल: वाळूत, बर्फात आणि रविवारी समुद्रावर. छत्री घरीच ठेवा, इथला पाऊस वाऱ्यासोबत येतो आणि छत्री उलटी होते.

रोपवेच्या दिवशी जाकीट गाडीत ठेवून जाऊ नका. २,६४३ फुटांवरून दहा मिनिटांत ८,५१६ फुटांवर नेतात, वर सोळा-सतरा अंश कमी असतं. वर जाताना डब्याची फरशी गोल फिरते, चक्कर येणाऱ्यांनी मध्यभागी उभं राहावं. कानाला दडे बसतात, आवळासुपारी तोंडात ठेवायला सांगा.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार! खारावारांचं ऐकून बुधवार-गुरुवार बदलतोय. बाबा अजून स्वेटरला तयार नाहीत. परत आले की लिहिते.

चाफेकळी
आलो परत! कळवते.

सोमवारी किनाऱ्यावर सकाळी दाट मळभ, दीपगृहाशी पोचलो तर खालचा समुद्रच दिसेना. बाबा तिथल्या पाटीसमोर उभे राहून दीपगृह बंद पडल्याची हकीकत दोनदा वाचून हसले. बुधवारी धो-धो नाही, पण चिवट पाऊस. बॅल्बोआ पार्कात दिवस छान गेला.

गुरुवारी चढ लागला तशी रस्त्याच्या कडेला आधी पांढरी चुरी दिसायला लागली, मग ढीगच. जूलियनच्या अलीकडे गाडी थांबवली. बाबांनी थर्मासच्या झाकणात बर्फ भरून घेतला, त्यावर आईने बॅगेतून कोकमाचं सरबत काढून ओतलं आणि दोघांनी फुटपाथवर उभं राहून गोळा खाल्ला. स्वेटर नाही तो नाहीच, पण माझी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेतली आणि "थंडी नाही, वारा आहे" म्हणाले. ॲपल पायमध्ये दालचिनी जास्त, असा आईचा शेरा. तरी संपला.

मग तो बॅनरचा उतार. खिडकीबाहेर पाइन, मग ओक, मग झुडपं, मग काहीच नाही, नुसते दगड आणि ओकोटियो. पाऊण तासात अंगावरचं सगळं उतरवून आम्ही सुती कपड्यांत. संध्याकाळी वारा मात्र माणदेशींनी सांगितलं तसाच. गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवलं होतं. शेजारच्या गाडीवाल्याने नव्हतं ठेवलं, त्याचं दार आता नीट मिटत नाही. थालीपिठात वाळू कचकचली, पण भूक होती.

मुग्धा, सपाटीवरची फुलं वाऱ्याने झोडपली होती. पाम कॅनियनच्या वाटेवर मात्र पिवळी, जांभळी भरपूर मिळाली. आईला प्रत्येकाचं नाव हवं होतं. रात्री बोरेगोत रस्त्याला दिवेच नाहीत, आकाश जपलंय त्यांनी. बाबांनी खुर्ची बाहेर ओढून शर्मिष्ठा दाखवली, आणि तिथे मात्र आपण होऊन स्वेटर मागितला. मी काही बोलले नाही.

रोपवेला खाली २४, वर ७ आणि गुडघाभर बर्फ. रविवारी किनाऱ्यावर खरंच २८ झाले! हवा इतकी स्वच्छ की मेक्सिकोच्या हद्दीतली कोरोनाडो बेटं स्पष्ट दिसत होती. ओठ फुटले, तेवढी व्हॅसलीनची भर यादीत घाला.

गणोबा
कोकमाचा गोळा ॲपल पायवाल्यांना शिकवून आलात की नाही?

चाफेकळी
एका बाईंनी विचारलं, हे काय खाताय. आईने रत्नागिरीच्या मराठीतच समजावलं. त्यांना कळलं बहुतेक, चव बघून गेल्या.

हिशेबी
बदललेला बेत बरा झाला हे मान्य. पण हॉटेलचे पैसे वाया गेले नाहीत म्हणून.

नवखा_प्रवासी
छान धागा, वाचनखूण साठवली. आम्हाला डिसेंबरात दोन वर्षांच्या लेकीला घेऊन बिग बेअरला जायचंय, तिथेही असंच का?

खारावारा
बिग बेअर पावणेसात हजार फुटांवर, तिथे डिसेंबरात साखळ्या गाडीत असायलाच लागतात. भाड्याची गाडी घेणार असाल तर आधी करार वाचा, आणि नवीन धागा काढा. इथे पुढच्या पानावर गणोबा बसलाय.